बारा खुर्च्यांची पंगत

३ सप्टेंबर १९७०, गुरुवार

आज सकाळी कन्हानवर अंघोळ केली, मारुतीपुढे नारळ फोडला, एक कवड बायकोच्या, गोपिकेच्या हातात दिली आणि खाप्याहून पहिली गाडी धरली. पोळा होऊन तीनच दिवस झालेत. सावनेरपर्यंत बैलांच्या शिंगांवरचा रंग अजून ताजा दिसत होता. अठ्ठेचाळीस वर्षांच्या माणसाने नव्या कामाला निघताना पोरासारखं हसू नये, पण मी खिडकीशी बसून हसत होतो.

खाप्यात शाळा, कचेरी, दवाखाना, सगळीकडच्या वेताच्या खुर्च्या मीच विणायचो. दोन वर्षांपासून जिकडेतिकडे लोखंडी खुर्च्या आल्या आणि माझे हात रिकामे झाले. नागपूरच्या वकीलसाहेबांना वेत विणणारा हवा आहे हे शाळेच्या गुरुजींनी सांगितलं, म्हणून हे जमलं.

बंगला सिव्हिल लाइन्समध्ये आहे. वकीलसाहेबांचं नाव दत्तोपंत. वकिली सोडून सहा वर्षं झाली. गोरे साहेब गेले तेव्हा त्यांच्या बंगल्यांतलं सामान लिलावात निघालं, तेव्हापासून वकीलसाहेबांना जेवणाच्या खुर्च्या जमवायचा नाद. टेबलं नकोत, पलंग नकोत, फक्त जेवणघरातल्या आणि स्वयंपाकघरातल्या खुर्च्या. बारा झाल्यात. मोठ्या जेवणघरात लांब टेबलाभोवती मांडून ठेवल्यात, आणि त्यांवर कोणी बसायचं नाही असा नियम आहे. मी विचारलं की साहेब स्वतः कुठे जेवतात. म्हणाले, "क्लबात. घरी जेवून खुर्च्या खराब कोण करील?"

मला मागच्या पडवीतली खोली मिळाली. खिडकीतून कडुनिंब दिसतो. देवाने भलं केलं.

६ सप्टेंबर, रविवार

कामाला लागलो. खुर्ची उचलायची ती पाठीला धरून नाही, बैठकीच्या चौकटीला धरून. सावलीत उलटी ठेवायची, सांध्यांत ढेकूण बघायचे. जुनं मेण टर्पेंटाइनने काढायचं, मग जवसाच्या तेलाचा हात, दोन दिवसांनी नवं मेण. बैठक सैल पडली असेल तर खालून गरम पाण्याचं फडकं दाबून धरायचं. सुकताना वेत आपोआप ताणतो आणि टिचकी मारली की टणकन बोलतो. तो आवाज ऐकला की मला भजनाला बसल्यासारखं वाटतं.

एकच गोष्ट आवडली नाही. बैठकीच्या पुढच्या पट्टीखाली बोट फिरवलं तर खवले लागतात. जेवणारे तिथे गुपचूप बोटं पुसत असावेत. चाकूने खरवडलं तर पिवळट, मेणचट काहीतरी निघालं, त्याला जुन्या चरबीचा वास. एका पट्टीखाली सुकलेल्या मांसाचा दोरा होता. गळ्यात माळ असलेल्या माणसाने हे काम करावं का, असा विचार आला. मग वाटलं, घाण काढणाऱ्याला घाण लागत नाही.

आमच्याकडे पान उचललं की लगेच जागा सारवतात. जेवणाची खूण मातीत उरत नाही. लाकडाला कोण सारवणार? पन्नास-साठ वर्षांचं खरकटं त्यात मुरलेलं असतं आणि वरून आपण मेण लावतो.

१२ सप्टेंबर, शनिवार

घरात तिसरं माणूस म्हणजे यमुताई, वकीलसाहेबांच्या थोरल्या बहीण. पासष्टीच्या पुढच्या, लहानपणीच कपाळ पुसलेल्या. दिवसातून एकदा जेवतात, दुपारी, सोवळ्यात, स्वतःच्या हातचं. दुसऱ्याच्या हातचं पाणीसुद्धा घेत नाहीत. पण मला रोज दुपारी पानावर गरम भात आणि वरण उंबऱ्याबाहेर ठेवतात आणि मी संपवेपर्यंत आत उभ्या राहतात. काल म्हणाल्या, "शालिकराम, लाजून जेवू नका. लाजणाऱ्याच्या अंगी अन्न लागत नाही." माझी आई गेल्यावर मला जेवताना कोणी असं उभं राहून बघितलं नव्हतं.

खुर्च्या आणून देणारा रुपराव आज भेटला. गांधीबागेत त्याचा हातठेला आहे. लिलावाचं सामान तोच वाहतो. बोलायला मोकळा. म्हणे, "वकिलाले बायको नाही, म्हून बारा खुर्च्या केल्या गा. तेरावी आणली का मलेच फेरे माराले लावीन." यमुताईंनी आतून ऐकलं आणि त्याला दटावलं, पण त्यांचाही आवाज हसरा होता.

२३ सप्टेंबर, बुधवार

आज अष्टमी, बाबांची तिथ. घरी भाऊ पित्तर घालतो, पण मी दर वर्षी तिथे असतो. वकीलसाहेबांकडे कोणी जुने मित्र खुर्च्या बघायला यायचे होते, सुट्टी मिळाली नाही. मित्रही आले नाहीत.

यमुताईंना कळलं तेव्हा त्यांनी न विचारता वडे, कढी, भात, खीर रांधली. एक पूर्ण पान माझ्या स्वाधीन केलं आणि म्हणाल्या की वडलांना वाढा.

कडुनिंबाखाली पान ठेवलं. कावळे फांदीवर होते. एकही खाली येईना. अर्धा तास हात जोडून उभा होतो. मग पाऊस भुरभुरायला लागला. पान भिजवायचं कसं? पित्तर म्हणून कोणा माणसाला जेवायला बसवतात, तसं इथे बसवायला माझ्या ओळखीचं कोणी नाही. पान उचलून जेवणघरात आणलं आणि टेबलावर ठेवलं. समोर स्वयंपाकघरातली बुटकी खुर्ची होती, जिच्यावर कुठल्यातरी साहेबाचा खानसामा बसत असेल.

मन भरून आलं होतं. बाबांचं नाव घ्यायचं ते राहूनच गेलं. तोंडातून निघालं ते एवढंच: ज्याला भूक असेल त्याने बसावं, पोट भरेस्तोवर जेवावं, मी उठवणार नाही. मग पंगतीत म्हणतो तसं म्हणालो, सावकाश होऊ द्या.

हात धुऊन परत आलो. पानातलं काही कमी झालं नव्हतं. पण वडा वडा राहिला नव्हता, भात भात नव्हता. सगळं चावलेलं होतं. चावून, लाळेत घोळवून, गोळे करून परत पानात टाकलेलं. खिरीवर तवंग होता. एका गोळ्यात दाताची कड उमटली होती.

मांजर असेल असं स्वतःला सांगितलं. मांजर चावून परत टाकत नाही.

बुटक्या खुर्चीच्या बैठकीला हात लावला. वेत खाली झोल खाऊन गेला होता आणि कोमट होता.

२५ सप्टेंबर, शुक्रवार

बुटकीची बैठक काल गरम पाण्याने ताणली. संध्याकाळी टण्ण बोलत होती. आज दुपारी बारा वाजता परत झोल. शेजारच्या दोन खुर्च्यांनाही. मी समोर उभा होतो. वेत करकरला आणि हळूहळू खाली गेला, जाड माणूस टेकतो तसा.

उलट्या करून बघितल्या. वेताच्या प्रत्येक भोकात चावलेला भात भरला होता, बोटाने दाबून भरावा तसा. सोड्याच्या पाण्याने धुतलं. ब्रशच्या केसांत लांब, चिकट तार येत होती. ती तुटेना. हात लिंबाने चोळले, राखेने चोळले. माळ काढून खुंटीला ठेवली होती. तिलाही तो वास आलाय.

वकीलसाहेब येऊन गेले. लाकडाला तुकतुकी आली म्हणून खूष झाले. खुर्चीच्या हातावर बोट फिरवून ते बोट जिभेला लावलं आणि कुठलं तेल वापरतो म्हणून विचारलं. मी तेल लावलंच नव्हतं.

२६ सप्टेंबर, शनिवार

गोपिकेचं कार्ड आलं. अष्टमीला पान ठेवलं तसा कावळा झेपावला म्हणे, पहिलाच घास उचलला. बाबा तृप्त झाले, तुम्ही चिंता करू नये.

बाबा खाप्याला जेवले. मग इथे मी कोणाला बसवलं?

२७ सप्टेंबर, रविवार

पाच खुर्च्यांना झोल.

आज यमुताईंनी मला उंबऱ्याशी बोलावलं. चेहरा उतरला आहे, बांगड्या नसलेले हात काठीसारखे दिसतात. इकडेतिकडे बघून त्यांनी खालच्या आवाजात सांगितलं की अष्टमीपासून त्यांना जेवता येत नाही. घास तोंडात जाईपर्यंत नीट असतो. जिभेवर टेकला की चावलेला होतो. दुसऱ्याच्या तोंडातला. कोमट, बुळबुळीत, त्यात कधी तंबाखूचा वास, कधी दारूचा, कधी किडक्या दाताचा. एकदा घासात दाढेचा तुकडा निघाला. त्यांनी तो पदरात बांधून ठेवला होता. मला दाखवला. त्यांची स्वतःची एकही दाढ शिल्लक नाही.

म्हणाल्या, "जन्मभर कोणाचं उष्टं तोंडाला लागू दिलं नाही हो. आणि आता हे. कोणाला सांगू?"

आज मला जे वाढलं तेही तसंच लागलं. मी गिळलं. त्या बघत उभ्या होत्या.

त्यांनी रांधलेलं पान मीच तिथे मांडलं. त्यांच्या हातच्या चवीवर कोणाला तरी मीच बसवलं. हे त्यांना सांगायचं धैर्य झालं नाही.

२८ सप्टेंबर, सोमवार

वकीलसाहेबांना सगळं सांगितलं. ते पोट हलवून हसले. म्हणाले, "शालिकराम, खाप्याची भुतं खाप्याला ठेवून यायची होती." ताईंचं वय झालं, तोंडाची चव गेली, डॉक्टर बोलावतो. मी म्हणालो, निदान खुर्च्या घराबाहेर काढा. तेव्हा मात्र हसू गेलं. एकही खुर्ची हलली तर मीही बाहेर, असं सुनावलं.

डॉक्टर आला. यमुताई त्याच्या बाटलीतलं औषध घेईनात. दुसऱ्याच्या हातचं ते.

सात.

२९ सप्टेंबर, मंगळवार

गांधीबागेत जाऊन रुपरावाला गाठलं. आधी त्याने थट्टा केली. "काहून गा, खुर्चीले चार पाय असते. पोट कवापासून आलं?" मग त्याने माझ्या तोंडाकडे बघितलं. ठेल्याच्या दांडीवर बसून त्याने सांगितलं की त्या खुर्च्या आणताना त्याला नेहमी लाकडापेक्षा जड लागतात. चढावर ठेला ओढताना मागून कोणी घोरल्यासारखं, ढेकर दिल्यासारखं येतं. पोट जाळायचं म्हणून तो मागे बघत नाही.

मी काय म्हणालो होतो ते त्याला सांगितलं. त्याने कपाळावर हात मारला. "बापाचं नाव घेतलं असतं तं एकटा बाप बसला असता. तू तं साऱ्यायले आवतन देल्लं. ज्यायच्या मागं कोणी पित्तर घालत नाही, ते सारे आले असतीन."

खुर्च्या जाळू का, विचारलं. नको म्हणाला. जेवणाऱ्याला उपाशी उठवलं तर तो घरभर हिंडतो. आता खुर्चीवर आहेत, मग चुलीवर बसतील. मग कसं उठवायचं? त्याने ठेल्याची दोरी सोडून परत बांधली. शेवटी म्हणाला, "यजमान जेवत नाही तंवर पंगत उठते का कुठं? तुले बसा लागते गा." आणि लगेच, "पण तू बसू नको. उद्या सर्वपित्री हाय. उद्या जातीन सारे. वाट पाय."

३० सप्टेंबर, बुधवार. सर्वपित्री

वाट पाहिली. दुपारी टेबलावर भरलेलं पान ठेवलं, पाणी सोडलं, आता तृप्त व्हा आणि आपापल्या जागी जा म्हणालो. मग बाराही खुर्च्या टेबलावर उलट्या घातल्या. उलट्या खुर्चीवर कोण बसेल?

पाण्याची घागर ठेवून परत आलो तर अकरा बैठका छताकडे फुगल्या होत्या. उलट्या खुर्च्यांत ते उलटेच बसले होते. डोकी खाली, टेबलाकडे. पानातून चपचप आवाज येत होता.

चावलेलं वेताच्या भोकांतून वर येत होतं. वर.

एकच बैठक ताठ होती. बारावी.

१ ऑक्टोबर, गुरुवार

घटस्थापना. यमुताईंना रिक्षात घालून धंतोलीला पुतण्याकडे नेलं. तिथे त्यांनी आपल्या हाताने, नव्या भांड्यात, मुगाची खिचडी टाकली. एक घास. मोरीकडे धावल्या. मी बाहेर बसलो होतो, ओकारी ऐकली.

घरापुरतं नाही हे. त्यांच्या हाताला आहे.

परत आणलं. रिक्षातून उतरवताना त्या मला सुपाएवढ्या हलक्या लागल्या. नवरात्राचा उपास समजेन म्हणाल्या, देवीच्या नावाने गेलं तर बरंच. आणि मग मला विचारलं, मी जेवलो का.

२ ऑक्टोबर, शुक्रवार

पाणीसुद्धा. पाण्याचा घोट चूळ भरून टाकल्यासारखा लागतो त्यांना. भिंतीकडे तोंड करून पडल्यात. ओठांना साल आली आहे.

उंबऱ्याबाहेर बसून त्यांना सांगितलं. सगळं. पान, कावळा, मी काय बोललो ते. वाटलं, शाप देतील. त्या म्हणाल्या, भुकेल्याला बस म्हणणं हे काही पाप नव्हे, शालिकराम. नाव घ्यायला विसरलात, एवढंच.

मी उठून आलो. त्यांच्यासमोर रडता येत नव्हतं.

यजमान. रुपराव म्हणाला ते खरं आहे, मला आधीपासून माहीत होतं. पंगतीत वाढणारा शेवटी बसतो. जे उरलं ते जेवतो. उरलेलं म्हणजे —

नाही. ते होणार नाही माझ्याने.

३ ऑक्टोबर, शनिवार

जेवणघरात गेलो. बाराव्या खुर्चीला हात लावला. परत आलो.

गेलो. पाठीला धरून ओढली. पानाचा वास — परत आलो. कडुनिंबाखाली ओकलो. ओकलं ते माझं नव्हतं. मी दोन दिवस काही खाल्लं नाही.

देवा, मांस खायला सांग. शेण खायला सांग. हे नको.

डॉक्टर म्हणाला, ताई उद्यापर्यंत काढतील.

४ ऑक्टोबर, रविवार. दुपार

अंघोळ केली. माळ घातली. यमुताईंना हात जोडून सांगितलं की बारा वाजता एक मूठ भात टाका, उठवत नसेल तर पडल्या पडल्या, पण तुमच्याच हाताने. माझ्यासाठी टाका म्हणालो. माझ्यासाठी म्हटलं म्हणून उठल्या. भिंत धरून चुलीशी गेल्या.

खुर्च्या सरळ केल्या. वही मांडीवर आहे.

बसलो.

वेत थंड आहे. डावीकडे सहा, उजवीकडे पाच. सगळ्या बैठका खाली. चपचप थांबली. बघतायत.

अकरा जणांनी टाकलेलं सगळं एका पानात ओढून घेतलं. कोमट. बोटांना तार. देवाचं नाव घेतलं आणि पहिला —

दाताला करायला काही नाही त्यात. कोणीतरी आधीच — केस. नखाचा तुकडा.

दुसरा.

तंबाखू. पू. दारू. कोणाचं तरी रक्त.

वर आलं. तोंड दाबलं, परत गिळलं. यजमानाने पानात टाकायचं नाही.

सहावा. सातवा. मोजत नाही आता.

पान पुसलं. बोट चाटलं. झालं.

डावीकडची पहिली बैठक वर आली. टण्ण. दुसरी. तिसरी. सगळ्या. अकरा. उठले. उठले सगळे.

स्वयंपाकघरात भांड्याला डाव लागला. थांबून परत एकदा लागला. यमुताईंनी भात दुसऱ्यांदा वाढून घेतला. आतून म्हणतायत, शालिकराम, आज भाताला चव आहे हो, या, पान वाढते.

ओ देता येत नाही. तोंड भरलंय.

पान कोरडं आहे. मी घास घेतला नाही. गिळला. लगेच परत —

उठायला बघतो. मांडीखाली वेत ओला —

ते गेले नाहीत. माझ्या मागे उभे आहेत. रांगेने. वाढणारे उभे राहतात तसे —

यमुताई जेवतायत. आवाज येतोय. जेवू देत.

गिळला. परत भर